चाळीस फूट वाघ

बल्लारपूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात मला केमिस्ट्री शिकवायची नोकरी लागली, तेव्हा खोली शोधताना पहिल्या तीन घरांत मला आडनाव विचारलं. आडनाव सांगितलं की ती खोली नेमकी कालच कोणाला तरी दिलेली निघायची. चौथ्या घराच्या दारात एक उंच, वाळका, सत्तरीचा माणूस बनियनवर उभा होता. त्याने माझ्याकडे नाही, माझ्या सामानाकडे पाहिलं आणि विचारलं, "कूलर हाये का?"

"नाही. पण उन्हाळ्याआधी घेईन."

"मंग नाई जमत."

"बरं, नाही घेणार."

"आना सामान."

आडनाव त्यांनी पुढच्या चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. मी त्यांना भाऊ म्हणू लागले, सगळं गाव म्हणायचं तसं.

डिसेंबर होता, म्हणून मी ती अट फार मनावर घेतली नाही. मे महिन्यातलं बल्लारपूर ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना मी काय कबूल करून बसले होते ते कळायचं नाही. पारा सत्तेचाळीसवर गेला की इथे नळाचं पाणी अंगावर घेता येत नाही, गादी तापते, आणि प्रत्येक घराच्या खिडकीत लोखंडी कूलर घरघरत असतो. आमचं तेवढं एक घर मुकं. पहिल्या मे महिन्यात मला राहवेना, म्हणून मी खिडकीला ओली चादर लावली. दहा मिनिटांत दारावर थाप पडली. भाऊ नाक वर करून उभे.

"पानी कुठी ठेवलं?"

"चादर ओली केलीय, भाऊ. जीव चाललाय माझा."

"जीव नाई जात. माह्या बायकोचा चाळीस वर्षांत नाई गेला. काढा ते चादर."

आतून काकूंचा आवाज आला, "जाऊन राह्यला जी, हळूहळू जाऊन राह्यला!"

मी चादर काढली आणि पुढच्या महिन्यात खोली सोडायची असं मनाशी ठरवून टाकलं. ते ठरवणं माझ्या नाकाने हाणून पाडलं. एका दुपारी घराच्या मधल्या खोलीचं दार, जे कायम बंद असायचं, ते जरासं उघडं होतं, आणि तिथून आंबूस, नाकात चढणारा वास येत होता. असा वास मी रोज प्रयोगशाळेत घेत होते.

"भाऊ, आत व्हिनेगर ठेवलंय का?"

भाऊंचा चेहरा पडला. त्यांनी दार ओढून घेतलं. दिवेलागणीला स्वतःच आले, उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "तुमाले बाहेरून वास आला. मंजे वाढला. मले रोजची सवय, मले कळत नाई. या, पाहून घ्या."

त्या खोलीला शेणामातीच्या जाड भिंती होत्या आणि खिडक्या आतून फळ्या ठोकून बंद केलेल्या. एका घडवंचीवर पत्र्याचे सहा गोल डबे होते. प्रत्येकाशेजारी कापडी पिशवीत चामोर्शीचा कडक वाळवलेला तांदूळ, खोलीतली ओल शोषून घ्यायला. दर रविवारी भाऊ तांदूळ बदलायचे. जुना तांदूळ काकू कोंबड्यांना टाकायच्या आणि कोंबड्या त्याच्याकडे ढुंकूनही पाहायच्या नाहीत. डब्यांत सोळा मिलिमीटरची फिल्म होती, एका जुन्या मूकपटाची. मूकपटाला नाव होतं, पण या घरात त्याला फक्त 'वाघाचा' म्हणत. फिल्मला ओल लागली की ती आंबते, आकसते आणि शेवटी ठिसूळ होऊन मोडते. माझी खोली त्या खोलीला लागून होती. कूलरच्या भानगडीचा असा उलगडा झाल्यावर मला खोली सोडावीशी वाटेना, आणि का ते मला नीट सांगताही येणार नाही.

भाऊ गावातल्या एका बंद पडलेल्या टॉकीजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होते. तीस वर्षांत त्यांनी हजारभर बोलपट दाखवले आणि त्यांतला एकही ऐकला नाही, कारण मशीनच्या खोलीत मशीनचाच आवाज. त्यामुळे घरातला टीव्हीही ते आवाज बंद करून पाहायचे. काकूंना मालिका ऐकायच्या असत, म्हणून त्या शेजारी जात. "आवाज कोनताबी लावता येते," भाऊ म्हणायचे. "तोंडाकडं पाहा. थे खोटं नाई बोलत."

वेळ ते फुटांत मोजायचे. वडिलांच्या मशीनवर मूकपटाची फिल्म मिनिटाला चोवीस फूट सरकायची, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की मिनिटं त्यांना उपरी वाटत. चहा सत्तर फुटांत उकळायचा. स्टेशन घरापासून अडीचशे फुटांवर, म्हणजे पायी दहा मिनिटांवर होतं, आणि नव्या माणसाला ते ऐकून स्टेशन अंगणातच आहे असं वाटायचं. कोणी बोलताना फार पाल्हाळ लावला की भाऊ दोन बोटांची कात्री करून हवेत कापायचे. वॉर्डातल्या एका पुढाऱ्याच्या भाषणात ते पहिल्या रांगेत बसून वीस मिनिटं सतत कापत होते, आणि पुढाऱ्याला वाटलं की म्हातारा आशीर्वाद देतोय.

खोटं बोलणाऱ्याला ते 'जोड दिसून राह्यला' म्हणायचे. फिल्म कापून दुसऱ्या तुकड्याला चिकटवली की तिथे जोड येतो. चांगला जोड पडद्यावर दिसत नाही. एकदा मी चामोर्शीहून, माझ्या गावाहून, दोन दिवस उशिरा परतले आणि आष्टीच्या पुलावर बस बंद पडली म्हणून सांगितलं. भाऊंनी माझ्या तोंडाकडे बघत म्हटलं, "मॅडम, जोड दिसून राह्यला." मला पाहायला पाहुणे आले होते आणि मुलगा मला पसंत नव्हता, हे मग मी त्यांना आणि काकूंना सगळं सांगून टाकलं. घरी आईलाही मी इतकं सांगितलेलं नव्हतं.

त्या सहा डब्यांची गोष्ट मी रविवार-रविवार करून ऐकली. फिल्म मशीनवर चढवण्याइतकी धड राहिली नव्हती. भाऊ ती एका रिळावरून दुसऱ्या रिळावर हाताने हळूहळू घेत, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत. नख अडलं की तिथे जोड. "हा राजुऱ्याचा. हा चामोर्शीचा." त्यांना सगळे तोंडपाठ होते.

भाऊंचे वडील बैलगाडीवर मशीन, इंजिन आणि काळा तंबू घालून चंद्रपूर-गडचिरोलीकडची गावं फिरायचे. बोलपट येऊन बराच काळ लोटला होता, पण त्यांच्यापाशी हा एकच मूकपट होता आणि तो त्यांना पुरायचा. मूकपटात मधेमधे पाट्या येतात, लिहिलेला मजकूर. तंबूतल्या लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पाट्या कापून वेगळ्या डब्यात ठेवल्या आणि स्वतः हातात काठी घेऊन पडद्याशेजारी उभं राहून ते गोष्ट सांगू लागले. गोष्ट साधी. एक राजा शिकारीला जंगलात येतो, तिथे त्याला एक मुलगी भेटते, तिच्या वस्तीला एका वाघाचं भय असतं, राजा वाघाला गोळी घालतो आणि लग्न लावून तिला घेऊन जातो.

पण गाव बदललं की पिक्चर बदले. राजुऱ्याकडे खाणीवरचे तेलुगू बोलणारे लोक यायचे, त्यांना लग्न हवं असायचं. तिथे लग्नाचा सगळा तुकडा लागे आणि सांगणं तेलुगूत होई. चामोर्शीला बाजाराच्या दिवशी खेळ. लोकांना उजेड आहे तोवर गाड्या जुंपून गावी पोचायचं असे, तिथे लग्न चाळीस फुटांत उरकायचं. आणि जंगलातल्या गावांत, जिथे वाघाला देव मानतात, तिथे गोळीचा तुकडाच काढून ठेवायचा. वाघ नुसता निघून जायचा. प्रत्येक मुक्कामाला भाऊंचे वडील कात्री आणि चिकट्याची बाटली घेऊन बसत. "मानूस बदलला का पिक्चर बदलाले पायजे," हे त्यांचं म्हणणं भाऊ मला त्यांच्याच आवाजात सांगायचे.

एकदा मात्र चूक झाली. राजुऱ्याहून निघून ते घोटच्या पुढे जंगलातल्या एका गावी गेले आणि तुकडा बदलायचा विसरले. भर तंबूत, गावातल्या सगळ्यांसमोर वाघ गोळी लागून पडला. आरडाओरडा कोणी केला नाही. लोक उठून उभे राहिले. गावचा पुजारी पुढे आला आणि म्हणाला, "याले उठव."

"बावा, हे चित्र हाये."

"मंग चित्रातच उठव."

भाऊंचे वडील तिथेच कात्री घेऊन बसले. आधी त्यांनी वाघ पडतानाची पट्टी खालची वर करून जोडली, म्हणजे पडलेला वाघ उठेल. पण पट्टी फिरवली की चित्रही फिरतं. पडद्यावर वाघ उठला खरा, पण डोक्यावर उभा! पोरं हसली. पुजारी हसला नाही. मग त्यांनी पहिल्या रिळातून चाळीस फुटांचा एक तुकडा काढला. त्यात वाघ नदीवर येतो, पाणी पितो आणि बांबूत निघून जातो. तो तुकडा त्यांनी वाघ पडतो त्याच्या लगेच पुढे लावला. वाघ पडला, आणि पुढच्या क्षणी नदीवर पाणी पीत होता. पुजाऱ्याने मान हलवली. भाऊंच्या वडिलांनी त्याला शब्द दिला की माझ्या तंबूत वाघ मरणार नाही. त्यानंतर त्यांचा स्वतःच्या विसरण्यावर भरवसा उरला नाही, म्हणून तो जोड त्यांनी पुन्हा कधी सोडवला नाही. राजुऱ्यालाही वाघ उठूनच जाऊ लागला.

"बापानं मरताना मले दोन गोष्टी सांगतल्या," भाऊ म्हणायचे. "मायले पाहाजो, अन् तो जोड नको सोडू."

हे सगळं भाऊंच्या जन्माआधीचं. खरं सांगायचं तर डोक्यावर उभा राहिलेला वाघ मला नंतर कोणीतरी जोडलेला वाटायचा. पण मी ते कधी तोंडावर दिसू दिलं नाही.

मी एक गोष्ट त्यांना न विचारता केली. वास वाढत होता. मी डब्यांवरच्या लेबलांचे फोटो काढून मुंबईच्या एका चित्रपट संग्रहालयाला ईमेल पाठवला. दहाव्या दिवशी रेवती नावाची एक मुलगी पाठीवर पिशवी घेऊन दारात उभी राहिली. जुने चित्रपट दुरुस्त करून पुन्हा उभे करणं हे तिचं काम. भाऊ माझ्यावर चिडले, दोन दिवस चिडलेलेच होते, पण पाहुणीला त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते, "जेवली का पोरी?"

रेवतीकडून आम्हाला कळलं की 'वाघाचा'च्या आणखी दोनच प्रती जगात शिल्लक आहेत आणि दोन्ही अपुऱ्या. एक परदेशात, तिच्यात लग्न नाही आणि पाट्या भलत्याच भाषेतल्या. दुसरी मुंबईत, तिच्यात वाघ पडतो आणि लग्नही होतं. नदीचा प्रसंग मात्र दोन्हींत नाही. तो होता एवढं एका जुन्या छापील पुस्तिकेवरून माहीत होतं. भाऊंनी तिच्यासमोर रीळ सोडलं, चाळीस फुटांचा तो तुकडा दिव्यासमोर धरला, आणि ती पोरगी रडायलाच लागली. भाऊ गोंधळून काकूंना म्हणाले, "चाय ठेव. साठ फुटांतच आन."

पाट्यांचा डबाही मिळाला. त्यातली शेवटची पाटी, 'समाप्त', तेवढी सापडेना. पूर्ण दिवस शोधलं. शेवटी ती काकूंच्या लोणच्याच्या बरणीला फडकं बांधायला वापरलेली निघाली. "मजबूत होती जी," काकू म्हणाल्या.

रेवतीने लॅपटॉपवर मुंबईची प्रत दाखवली तेव्हा भाऊ पाचव्या फुटालाच उठून उभे राहिले. "राजा पळून काऊन राह्यला? गाडी सुटते का त्याची?" रेवतीने सांगितलं की मूळ वेग किती होता हे नक्की कोणालाच माहीत नाही, हा अंदाज आहे. "अंदाज कायले? वाघ आना." तिने वाघाचा तुकडा लावला. "हे पाहा, वाघ असा चालते का? तो चालते तं खांदा आधी दबते, मंग पाय पडते. इथी खांदा दबाच्या आधीच पाय पडून राह्यला. कमी करा. अजून. अजून थोडं." एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. "आता चालला." रेवतीने आकडा टिपून घेतला, आणि तिच्या वरिष्ठांनी नंतर तोच वेग कायम केला. त्या दिवशी भाऊंच्या चालण्यातही थोडा खांदा दबला होता, असं मी आजही शपथेवर सांगेन.

मग ती गोष्ट निघाली जी निघणारच होती. रेवतीला नदीचा तुकडा त्याच्या मूळ जागी लावायचा होता, पहिल्या रिळात. म्हणजे शेवटी वाघ पडणार आणि पडलेलाच राहणार.

"तिथी नाई लावाचा," भाऊ म्हणाले.

"भाऊ, दिग्दर्शकाने तो तिथेच लावला होता. चित्रपट त्याचा आहे."

"बरोबर हाये तुमचं. पन माहंबी बरोबर हाये. शब्द माह्या बापानं देल्ला हाये, दिग्दर्शकानं नाई."

रेवतीने समजावलं की हे डबे थंड कोठीत ठेवले तरच टिकतील, आणि संग्रहालय ते लेखी संमती मिळाल्याशिवाय कायमचे ठेवून घेणार नाही. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी केमिस्ट्रीवाल्या. किती दिवस हाये याच्यात?"

मला खोटं बोलता आलं असतं, पण जोड दिसला असता. "दोन उन्हाळे, भाऊ. तीन म्हणजे नशीब."

ते रिळाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत राहिले. किती फूट, ते त्यांनीही मोजलं नसावं. नदीचा तुकडा कुजून गेला तर वाघ तसाही मेला, आणि दिला तर शब्द मेला. मला स्वतःचा राग आला. तो ईमेल मी पाठवायला नको होता असं त्या दुपारी मला फार वाटलं.

"शब्द मले नवता देल्ला," भाऊ शेवटी उठत म्हणाले. "ज्याले देल्ला त्याले विचारून येऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीने गोंडपिपरी, आष्टी, चामोर्शी करत घोटला उतरलो आणि तिथून ऑटोने आत गेलो. पुजारी केव्हाच वारला होता. त्याची मुलगी, मडावी आजी, ऐंशीच्या घरातली, अंगणात टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, वाळत घालत होती. भाऊंनी आपण कोणाचा मुलगा ते सांगितलं. ती भाऊंकडे पाहत राहिली आणि एकदम हसली.

"पयले डोक्यावर उभा राह्यला होता वाघ! आमी लय हसलो. माह्या बापानं मले तिथीच एक देल्ली होती."

इतकी वर्षं मी जो जोड समजत होते, तो जोड नव्हताच.

भाऊंनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. मागच्या वर्षी मोहफुलं वेचताना याच गावातल्या एका बाईला वाघाने मारलं होतं, हे ऑटोवाल्याने आम्हाला येतानाच सांगितलं होतं. म्हणून मी न राहवून विचारलं, "आजी, इतकं होऊनही तुम्हाला तो वाघ मरायला नको?"

आजीने टेंभरं पसरवायची थांबवली. "जंगलात होते ते जंगलात. ते बाई त्याच्या वाटेत आली, तो तिच्या वाटेत आला. रडलो आमी. पन मांडी घालून बसाचं, अन् वाघ मरताना मजेनं पाहाचा, हे बरं नाई दिसत." मग रेवतीकडे वळून ती म्हणाली, "तुमच्या शहरात मरू द्या. तुमाले तसाच लागत असन. आमच्या गावात नका दाखवू."

भाऊंनी मांडीवर थाप मारली. "हेच तं माहा बाप म्हने! गाव बदललं का पिक्चर बदलाले पायजे." रेवतीला ते तिथेच पटलं. ठरलं असं की दोन चित्रपट होतील. एक दिग्दर्शकाचा, शहरासाठी. एक भाऊंच्या वडिलांचा, जसाच्या तसा, सगळ्या जोडांसकट. दुसऱ्याचा पहिला खेळ याच गावात होईल, आणि तो पाहून आजी हो म्हणाली तरच भाऊ कागदावर सही करतील. नाहीतर डबे घरी परत.

डबे मुंबईला गेले. मे महिना जवळ येत होता आणि आता कूलर आणता येईल म्हणून मी आनंदात होते. कूलरचं विचारलं तर भाऊ म्हणाले, "डबे वापस आले तं? खोली कोरडी पायजे." तो उन्हाळा आम्ही तिघांनी एका रिकाम्या खोलीची राखण करत काढला. काकू त्या महिन्यात भाऊंशी तीन वेळा अबोला धरून बसल्या.

पुढच्या मार्चमध्ये खेळ झाला. गावच्या शाळेचा हॉल, खिडक्यांना ताडपत्र्या, सकाळचे दहा. शे-दीडशे माणसं खाली बसली होती, मडावी आजी पुढे खुर्चीवर. रेवतीने लॅपटॉप आणि प्रोजेक्टर लावला. भाऊ धुतलेला पांढरा शर्ट घालून, वडिलांची काठी घेऊन पडद्याशेजारी उभे राहिले आणि सांगू लागले. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरात आवाज बंद करून बसणारा हा माणूस इथे राजाचं, मुलीचं, घोड्याचं सगळ्यांचं बोलत होता, मधेच दोन वाक्यं गोंडीत टाकत होता, आणि लोक हसत होते.

मग राजा जंगलात शिरला, आणि पडद्यावर नदी आली. वाघ आला. पाणी प्यायला. बांबूत गेला.

हॉलमध्ये कौतुकाचा आवाज उठला. भाऊंचं सांगणं मात्र मधेच तुटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं. नदी इथे यायला नको होती. ती शेवटी हवी होती. वाघ आत्ताच पाणी पिऊन गेला होता, आता शेवटासाठी नदी उरली नव्हती. रेवतीने शहराचा चित्रपट लावला होता.

मी सरकत तिच्यापाशी गेले. तिने लॅपटॉपमध्ये शोधलं, डिस्कवर शोधलं. गावासाठीचा चित्रपट मुंबईच्या कॉम्प्युटरवरच राहून गेला होता. तिचा चेहरा पांढरा पडला. "मी बंद करते," ती कुजबुजली.

"नका करू," भाऊ पडद्याजवळून म्हणाले. "माह्या बापानंबी बंद नवता केला." आणि त्यांनी पुन्हा सांगायला सुरुवात केली.

पुढचा तासभर मी एका जागी बसले नाही. त्यांच्या बापाची चूक, तीच, त्याच गावात, पुन्हा होत होती. फरक इतकाच की तेव्हा हातात कात्री होती आणि इथे कापायला काहीच नव्हतं. शेवटच्या रिळाला भाऊ सांगता सांगता काठी टेकत रेवतीच्या टेबलापाशी आले. "पोरी, हे तुझं मशीन मांगं चालते का? उलटं?"

"चालतं. एक कळ दाबली की झालं."

"वाघ डोक्यावर तं नाई उभा राहनार?"

रेवतीला एक क्षण लागला. मग तिला हसू फुटलं. "नाही, भाऊ. पायावर उठेल."

पडद्यावर राजाने बंदूक रोखली. धूर निघाला. वाघ उडाला, कोसळला आणि पडून राहिला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठू लागला. आजी खुर्चीत ताठ बसली होती.

"पडला," भाऊ म्हणाले. त्यांनी काठी पडद्याला लावली. "राजाले वाटलं, मेला. राजाले लय वाटते. पन हे जंगल कोनाचं हाये? आता पाहा."

रेवतीने कळ दाबली. वाघाची शेपटी हलली. मान वर आली. मग तो सगळा, आपल्या चारही पायांवर, उठून उभा राहिला. धूर हवेतून गोळा होऊन बंदुकीच्या नळीत परत गेला. राजाने बंदूक खाली केली आणि उलट्या पावलांनी, पाठमोरा, झाडांना चुकवत जंगलाबाहेर चालू लागला. चालला तो चालतच राहिला. मागोमाग त्याचे शिकारीही तसेच उलटे निघाले. पोरं आधी हसली, मग सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या, आणि मडावी आजी तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिच्या सुनेने तिला धरलं.

"थांबव," भाऊ हळूच म्हणाले. पडद्यावर राजा नव्हता. नुसतं जंगल होतं.

आजीने त्यांना जवळ बोलावलं. "तुह्या बापाले हे नवतं जमलं," ती म्हणाली.

"नाई जमलं, बाई."

"चांगलं झालं. दे त्याहिले."

भाऊंनी शाळेच्या बाकावर बसून सही केली. ते डोळे पुसत होते, उघड, कोणापासूनही न लपवता. रेवतीने विचारलं की गावाचा चित्रपट आता कोणता धरायचा, वडिलांचा की आजचा. भाऊंनी दोन्ही हातांची दोन-दोन बोटं वर केली आणि त्या दोन कात्र्या मिटल्या. दोन्ही ठेवायचे आणि आता कापणं संपलं, असं मी समजले.

परतीच्या एसटीत ते झोपले. बल्लारपूरला पोचलो तेव्हा दिवस मावळला नव्हता. भाऊ घरात शिरले, सरळ मधल्या खोलीत गेले, आणि आतून फळ्या उखडण्याचा आवाज यायला लागला. मी दारात जाऊन उभी राहिले. दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. त्या खोलीत मी पहिल्यांदाच ऊन पाहत होते. घडवंचीवर तांदळाच्या पिशव्या तशाच पडल्या होत्या. भाऊ नाक वर करून वास घेत होते.

"गेला," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मॅडम, उद्या बाजारात जाऊन कूलर पाहून या."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला.

"एक नाई, दोन आना जी!"